काचेच्या मध्यावर

हवालदार नलवड्यांनी बॅटरी पोटाशी धरून आणली आणि टेम्पोच्या पायरीवर टेकवली. पाच दिवस ती त्यांच्या टेबलाखाली होती, पाय ठेवायला जागा उरली नव्हती, असं ते म्हणाले. ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जायच्या. त्यामुळे अपघाताची गाडी ओढून आणली की नलवडे आधी तिची बॅटरी काढून आत ठेवत.

१९९३ सालचा एप्रिल होता. मी सव्वीस वर्षांचा होतो. मोटार वाहन निरीक्षक म्हणून लागून आठ महिने झाले होते आणि नोकरीत अजून कायम व्हायचा होतो. अपघातातली गाडी तपासायची आणि तिच्यात काही यांत्रिक दोष होता का, ते लिहून द्यायचं, हे माझं एक काम. त्याला छापील फॉर्म असे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, हॉर्न, दिवे, वायपर. प्रत्येकापुढे एक छोटा रकाना.

टेम्पो दुधाचा होता, जुना. कॅन काढून नेले होते, पण आंबलेल्या दुधाचा वास तसाच होता. डावा दिवा फुटला होता आणि मडगार्ड चेपून टायरला टेकलं होतं. काच शाबूत होती. वायपर एकच, ड्रायव्हरच्या बाजूला. त्याचं पातं काचेच्या मध्यावर उभं होतं, टोक सरळ वर करून. हे मी पाहिलं. तेव्हा त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही, एवढंच.

अपघाताची हकिगत मला नलवड्यांनी थोडक्यात सांगितली होती. पाच दिवसांपूर्वी दुपारी चारच्या सुमारास अवकाळी पाऊस आला, गारांसकट. खडकेवाडी फाट्याच्या अलीकडे या टेम्पोनं रस्त्याच्या कडेनं चाललेल्या बाईला उडवलं. सिंधू कणसे तिचं नाव, अंगणवाडीत कामाला होती, घरी चालली होती. दवाखान्यात पोचायच्या आत गेली. टेम्पोचा ड्रायव्हर गुलाब मुलाणी. त्यानंच तिला मागून आलेल्या जीपमध्ये घातलं आणि मग चालत येऊन ठाण्याच्या पायरीवर बसला. त्याचं म्हणणं एकच होतं, की पाऊस आल्याबरोबर मी वायपर लावला, तो चार-सहा वेळा फिरला आणि मध्येच थांबला. समोरचं दिसेनासं झालं. गाडी बाजूला घेत होतो तेवढ्यात हे झालं.

"सगळेच तसं म्हणतात," नलवडे म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता. त्यांनी अशा गाड्या पुष्कळ पाहिल्या होत्या.

मी बॅटरी जागेवर बसवली, दोन्ही टर्मिनलं पान्यानं आवळली आणि आत जाऊन ड्रायव्हरच्या जागी बसलो. दिव्यांचं बटण बंद होतं, वायपरचंही बंद होतं. किल्ली फिरवली. त्याबरोबर वायपरचं पातं हललं. बटणाला कुणाचा हात लागलेला नसताना ते मध्यावरून सावकाश खाली आलं, काचेच्या खालच्या कडेशी टेकलं आणि थांबलं.

"जित्तं हाय की," बाहेरून नलवडे म्हणाले.

मग मी बटण दाबून वायपर लावला. नीट फिरला. वेग वाढवला, तोही वाढला. बंद केला, तर पातं पुन्हा खालच्या कडेशी जाऊन थांबलं. डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं. वायपरची मोटर नवी होती, ती जुन्या वायरींना जोडलेली होती. वायरी हातानं पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. त्या वर्षी मी पास केलेल्या निम्म्या टेम्पोंमध्ये असेच जोड होते. मी ते हलवून पाहिले नाहीत.

ब्रेक पाहत होतो तेव्हा गुलाब मुलाणी आला. जामिनावर होता आणि एक दिवसाआड ठाण्यात हजेरी द्यावी लागत होती. पंचेचाळीसच्या आसपासचा, काटकुळा, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. बावीस वर्षं गाडी चालवत होता, असं नंतर कळलं. तो जरा लांब उभा राहिला. मी कोण ते नलवड्यांनी सांगितल्यावर जवळ आला.

"सायब, त्यो मधीच थांबला व्हता," तो म्हणाला. "मी दोन-तीनदा बटन खालीवर केलं."

मी त्याला काचेसमोर उभा केला आणि आत जाऊन वायपर लावला. पातं कोरड्या काचेवर घासत इकडून तिकडे जायला लागलं. गुलाब बघत राहिला. मी बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

"दिसतंय?" मी विचारलं.

"दिसतंय," तो म्हणाला.

त्यानंतर तो काही बोलला नाही. एखादा खोटं बोलताना सापडला की असाच गप्प होतो, असा माझा तेव्हाचा समज होता. मी बोनेटवर फॉर्म ठेवून रकाने भरले. वायपरसमोर लिहिलं, 'चालू. दोष आढळला नाही.' खाली सही, तारीख, हुद्द्याचा शिक्का. वायपर कुठल्या स्थितीत आढळला, असा रकाना फॉर्मवर नव्हता.

माझ्या त्या ओळीवरून पुढचं सगळं ठरलं. वायपर चालू होता, म्हणजे तो थांबला हे खोटं. थांबला नव्हता, म्हणजे ड्रायव्हरनं तो लावलाच नव्हता. भर पावसात, वायपर न लावता, बेदरकारपणे गाडी चालवून एका बाईचा जीव घेतला, असा आरोप गुलाबवर ठेवला गेला.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा जवळपास दोन वर्षं झाली होती. माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली होती आणि मी नोकरीत कायमही झालो होतो. सकाळच्या गाडीनं तालुक्याला पोचलो. कोर्ट म्हणजे एक जुनी बैठी इमारत होती, पत्र्याचा व्हरांडा, समोर चिंचेचं झाड आणि त्याखाली चहाची टपरी. व्हरांड्यात नलवडे भेटले. निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्यांनी बाकावर बसलेल्या एका माणसाकडे हळूच बोट केलं. तो भानुदास कणसे, त्या बाईचा नवरा. ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होता. दोन वर्षांत एकही तारीख चुकवली नव्हती, असं नलवडे म्हणाले.

साक्ष अकराला सुरू झाली आणि पाऊण तासात संपली. सरकारी वकिलांनी अहवाल दाखवला, सही माझीच का विचारलं, मी हो म्हणालो. वायपर चालू होता का, हो. मग गुलाबच्या वकील पेंढारकरबाई उठल्या. साठीच्या होत्या, आवाज बसका होता, हातात कागद फार नव्हते. त्यांनी ब्रेकबद्दल विचारलं, टायरच्या झिजेबद्दल विचारलं. मग वायपरवर आल्या.

"किती वेळ चालवून पाहिलात?"

"दोन-तीन मिनिटं."

"पावसात?"

"नाही. ऊन होतं."

"म्हणजे पावसात, गारांत, चालत्या गाडीत तो थांबला असेल की नाही, हे तुम्ही सांगू शकत नाही."

"नाही सांगू शकत. पण तपासणीत दोष आढळला नाही."

त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. न्यायाधीशांनी टंकलेखकाला दोन ओळी सांगितल्या, मी जबाबावर सही केली आणि पिंजऱ्यातून उतरलो. गुलाब भिंतीशी उभा होता. तो दोन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता. त्याच्याकडे मी फार वेळ पाहिलं नाही.

साडेअकराची माझी गाडी चुकली होती. पुढची अडीचला होती. मी टपरीवर चहा घेऊन चिंचेखाली उभा राहिलो, तेव्हा गुलाब माझ्याकडे आला. आरोपीनं साक्षीदाराशी बोलू नये, हे त्याला ठाऊक असावं. आधी त्यानं आजूबाजूला पाहिलं.

"सायब, कज्ज्याचं न्हाई इचारत," तो म्हणाला. "माझ्यापुरतं एक सांगा. त्या दिशी तुम्ही किल्ली फिरवली तवा त्यो चालला. खरं का?"

"खरं. तुमच्यासमोरच लावला की."

"व्हय. माझ्या डोळ्यांनी बघितला." तो म्हणाला. "मग मीच बटन दाबलं नसंल."

मला त्याचं बोलणं लगेच कळलं नाही. तो खालच्या आवाजात, घाई न करता बोलत होता. म्हणाला, पहिल्यांदा मला पक्कं आठवायचं. पाऊस आला, मी बटण दाबलं, पातं फिरलं, थांबलं, मी पुन्हा दाबलं. पण तुम्ही तो समोर चालवून दाखवलात. मग घरी विचार करायला लागलो. चालणारा वायपर आपोआप कसा थांबेल? सरकारी माणूस कशाला खोटं लिहील? त्याचं-माझं काय वैर आहे? विचार करता करता मला दुसरंच आठवायला लागलं. पाऊस आला आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते, असं. बटण दाबायचं मनात आलं आणि दाबायचं राहून गेलं, असं.

"आता त्येच दिसतंय," तो म्हणाला. "रोज. दोन्ही हात श्टेरिंगवर."

जेवणाच्या सुट्टीनंतर तो न्यायाधीशांपुढे गुन्हा कबूल करणार होता. पेंढारकरबाईंना त्यानं सकाळीच सांगितलं होतं, त्या रागावल्या होत्या. पण त्याला आणखी खोटं बोलत राहायचं नव्हतं. त्या बाईच्या नवऱ्यापुढे उभं राहून 'मी दाबलं होतं, दाबलं होतं' म्हणायची त्याला लाज वाटत होती.

"तुम्ही शिकलेलं मानूस. म्हनून एकदा इचारलं," असं म्हणून तो परत व्हरांड्याकडे गेला.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आतापर्यंत सांगितलेली नाही.

टेम्पो तपासल्यानंतर आठ दिवसांनी आमच्या ऑफिसच्या जीपच्या ड्रायव्हरनं जीप धुतली. काच पुसली जावी म्हणून वायपर लावला आणि तो फिरत असतानाच किल्ली बंद करून जेवायला गेला. परत आल्यावर त्यानं वायपरचं बटण बंद केलं, बादली उचलली, निघून गेला. पातं काचेच्या मध्यावर राहिलं. संध्याकाळी मला साहेबांकडे सोडायला त्यानं किल्ली फिरवली. पातं आपोआप खाली आलं, कडेला टेकलं आणि थांबलं. मी शेजारी बसलो होतो.

त्याच्यामागचं कारण मला शिकताना शिकवलेलं होतं. परीक्षेत त्याची आकृतीही काढली होती. वायपरच्या मोटरीला वीज दोन वाटांनी मिळते. एक वाट बटणातून. दुसरी मोटरीच्या आतल्या एका पितळी चकतीतून. बटण बंद केलं तरी पातं जिथं असेल तिथं थांबत नाही. खालच्या कडेशी येईपर्यंत चकतीची वाट उघडी राहते, पातं तिथं पोचलं की ती तुटते आणि मोटर थांबते. अर्धवट जागी थांबून पात्यानं ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येऊ नये, म्हणून ही सोय. त्यामुळे नुसतं बटण बंद करून पातं मध्यावर राहूच शकत नाही. तसं राहायचं तर पातं फिरत असताना मोटरीची वीजच तुटावी लागते. मग वीज पुन्हा आली की पातं राहिलेलं अंतर चालतं आणि आपल्या जागी जातं.

टेम्पोचं पातं मध्यावर होतं आणि बटण बंद होतं. म्हणजे त्या दिवशी वायपर लावलेला होता. फिरता फिरता त्याची वीज तुटली आणि नंतर कुणीतरी बटण बंद केलं. वीज का तुटली, हे मी तेव्हाही सांगू शकत नव्हतो आणि आजही सांगू शकत नाही. डॅशबोर्डखालचा पिळलेला जोड सुटला असेल आणि गाडी ओढून आणताना हादऱ्यांनी पुन्हा टेकला असेल. किंवा अपघात झाल्यावर गुलाबनं आधी किल्ली काढली असेल आणि मग सवयीनं बटण बंद केलं असेल. दोन्ही शक्य होतं. पण त्यानं बटण दाबलंच नव्हतं, हे शक्य नव्हतं. आणि किल्ली फिरवून ते पातं मी स्वतःच्या हातानं खाली आणलं होतं.

त्या संध्याकाळी मी अहवालाची कार्बन प्रत काढून वाचली. मूळ अहवाल जावक नंबर पडून ठाण्यात गेला होता. दुरुस्ती करायची म्हणजे पत्र लिहायचं, तपासणीत चूक झाली असं कबूल करायचं, वरच्या साहेबांच्या सहीनं पाठवायचं. मी कायम व्हायचा होतो. शिवाय, विचारलं तर सांगू, असं मला वाटलं. मी काही ठरवून लपवलं नाही. फाईल परत कपाटात ठेवली. दोन वर्षांत तिची आठवण पाच-सात वेळा आली असेल.

आणि त्या दिवशी कोर्टात मला कुणी विचारलं नव्हतं. काय विचारायला हवं हे ठाऊक असलेला माणूस तिथं एकच होता, आणि तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता.

चहाचा कप तसाच ठेवून मी वकिलांच्या खोलीत गेलो. पेंढारकरबाई डबा उघडून बसल्या होत्या. मी सांगायला लागलो. त्यांनी ऐकता ऐकता डबा बाजूला सारला, एक कोरा कागद पुढे केला आणि आकृती काढून दाखवायला लावली. मग त्यांनी मला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं, आणि मध्येमध्ये थांबवून तारखा विचारल्या.

"हे सकाळी का नाही सांगितलंत?" शेवटी त्या म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला माहीत असतं तर विचारलं असतं, शेटेसाहेब."

त्यांनी आकृतीचा कागद घडी करून फाईलीत ठेवला. हे तुमच्यावर शेकेल, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हणालो, माहीत आहे. खरं तर तेव्हा मला ते नीटसं माहीत नव्हतं.

सुट्टी संपल्यावर गुलाब काही बोलायच्या आत त्यांनी साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मंजूर केला. मी पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिलो. या वेळी बाईंनी एकच प्रश्न विचारला, की बॅटरी जोडण्यापूर्वी पातं कुठं होतं. मी सांगितलं. त्याचा अर्थ काय, तेही सांगितलं. बटण, चकती, वीज. सगळं सोप्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. टंकलेखक दोनदा थांबला आणि मला पुन्हा सांगावं लागलं.

मग सरकारी वकील उठले. पातं मध्यावर होतं हे कुठं लिहून ठेवलंय का? नाही. फोटो आहे का? नाही. हे तुम्हाला कधी कळलं? तपासणीनंतर आठ दिवसांनी. मग दोन वर्षं तुम्ही काय करत होतात?

"काही नाही," मी म्हणालो.

न्यायाधीशांनी टंकलेखकाला ते तसंच लिहायला सांगितलं.

पातं मध्यावर पाहणारा दुसरा माणूस होता, नलवडे. त्यांना पुढच्या तारखेला बोलावलं. त्यांना आठवत नाही असं म्हणणं सोपं होतं. खटला पोलिसांचा होता आणि नोकरीचे तीनच महिने उरले होते. पण ते सरळ म्हणाले, पातं मधी उभं होतं, किल्ली फिरवल्यावर आपोआप खाली गेलं, आणि तेव्हा मी बोललोही होतो. काय बोललात, असं विचारल्यावर त्यांनी तेही सांगितलं. ही हकिगत मला पेंढारकरबाईंच्या पत्रातून कळली.

पण त्या दिवशीचंच आणखी थोडं सांगायचं आहे. साक्ष देऊन मी बाहेर आलो, तेव्हा भानुदास कणसे व्हरांड्याच्या टोकाला उभा होता. माझीच वाट पाहत होता.

"म्हणजे त्यानं बटण दाबलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

तो मोठ्यानं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो पाण्याच्या टाकीला टेकला. मग म्हणाला, की बायको गेली ती गेली, पाऊस होता, रस्ता तसला होता, ते त्यानं कसंबसं गिळलं होतं. पण समोरच्यानं काच पुसायचीही तसदी घेतली नाही, एवढ्यासाठी आपलं माणूस गेलं, हे त्याला दोन वर्षं गिळता आलं नव्हतं. घरात दोन मुली होत्या. थोरली सतरा वर्षांची. आईच्या फोटोला रोज हार घालताना ती त्या ड्रायव्हरला तळतळाट द्यायची, आणि तो तिला अडवत नव्हता.

"आता तिला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"जे झालं ते सांगा."

"मी नाही. तुम्ही या. घरी येऊन तुम्ही सांगा तिला."

मी येतो म्हणालो. त्यानं खडकेवाडीत घर कुठं आहे ते सांगितलं, मारुतीच्या देवळामागं, निळं दार. मी गेलो नाही. कामं होती, लांब होतं, अशी कारणं होती. पुढे वर्ष उलटलं आणि मग जाण्यात अर्थ राहिला नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

दीड महिन्यानं निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन गुलाब मुलाणीला निर्दोष सोडण्यात आलं. निकालपत्रात माझ्याबद्दल चार ओळी होत्या, त्या खात्याकडे गेल्या. चौकशी झाली, माझ्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली आणि पहिल्या बढतीच्या यादीत माझं नाव आलं नाही. ते योग्यच होतं. त्यानंतर मी तीस वर्षांत जेवढ्या अपघाताच्या गाड्या तपासल्या, त्या प्रत्येकीभोवती, हात लावण्याआधी, एक फेरी मारून सगळं जसं असेल तसं लिहून घेत असे. हाताखालची माणसं वैतागत. कारण मी कुणाला सांगितलं नाही.

गुलाबकडे मात्र मी गेलो, निकालानंतर चार महिन्यांनी. त्यानं गाडी सोडली होती. मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीत बसत होता. मी गेलो तेव्हा दुपार होती, वीज होती पण दळण नव्हतं. त्याच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर पीठ बसलं होतं. त्यानं मला ओळखलं, उठून स्टूल पुसून दिलं आणि घरात चहा सांगितला.

माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. मागितलीही. त्यानं मान हलवली. तो विषय त्याला फारसा महत्त्वाचा वाटला नाही. मी म्हणालो, तुम्ही बटण दाबलं होतं, हे आता कोर्टाच्या कागदावरही आहे. मनातून ते दुसरं काढून टाका. पुन्हा गाडी चालवा. लायसनचं काही असेल तर मी बघतो.

चहा आला. त्यानं माझा कप माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःचा हातात धरून बसला.

"सायब, तुम्ही म्हनता ते मी मानलं," तो म्हणाला. "कोर्टानं म्हटलं, ते बी मानलं. दाबलेलं मला आठवतं. पर न दाबलेलं बी तितकंच आठवतं. गारा आठवत्यात, त्या बाईची छत्री आठवती, आन् दोन्ही हात श्टेरिंगवर आठवत्यात. त्ये कुठून आलं मंग?"

मी चहाचा एक घोट घेतला.

"तुम्हाला ठावं असंल, म्हनून इचारलं," तो म्हणाला.

तेवढ्यात एक बाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन आली. गुलाबनं कप खाली ठेवला, तिचा डबा उतरवून घेतला, वजनकाट्यावर ठेवला आणि भाकरीचं बारीक की भरड, असं विचारलं. ती बारीक म्हणाली. त्यानं पट्टा चढवला आणि गिरणी सुरू झाली. त्या आवाजात काही बोलता आलं नसतं. मी चहा संपवला, त्याच्याकडे पाहून हात जोडले. त्यानंही पिठाचे हात जोडले आणि पुन्हा दळणाकडे वळला.